तोफखाना की हवाई संरक्षण? पसंतीक्रम भरण्याआधी

लष्करी अकादमीतली शेवटची टर्म आली की कोणत्या दलात जायचं याच्या पसंतीक्रमाचा कागद हातात पडतो. पायदळ किंवा रणगाडा दल ज्यांचं आधीच ठरलेलं असतं, त्यांना पेन उचलायचा अवकाश. वडिलांच्या रेजिमेंटसाठी पॅरेंटल क्लेम लावणाऱ्यांचंही तसंच. अडतो तो 'मला गनर व्हायचंय' एवढंच ठरवून आलेला कॅडेट. भारतीय सेनेत गनर दोन घरांत राहतात. एका घराच्या तोफा क्षितिजापलीकडे मारा करतात आणि दुसऱ्याच्या नळ्या आकाशाकडे रोखलेल्या असतात. पहिलं घर म्हणजे रेजिमेंट ऑफ आर्टिलरी, आपला तोफखाना. दुसरं आर्मी एअर डिफेन्स, म्हणजे सेनेचं हवाई संरक्षण दल.

बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे तोफा, रडार आणि बॅटऱ्याच (रेजिमेंटमधल्या तोफांच्या तुकड्या) दिसतात. आत मात्र काम वेगळं, आणि त्या कामाला लागणारा स्वभाव तर फारच वेगळा. माझ्या मते निवड करायची ती या स्वभावावरून. कुणाकडे कोणतं नवं हत्यार आलं, हा मुद्दा त्यानंतरचा.

वाटणी १९९४ ची

थोरल्या घराचा इतिहास मोठा आहे. २८ सप्टेंबर १८२७ ला मुंबई इलाख्याच्या सैन्यात एक माउंटन बॅटरी उभी राहिली. तोफखाना आजही त्याच तारखेला गनर्स डे साजरा करतो. धाकट्याचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला, आणि गंमत म्हणजे तोही मुंबईतलाच. १९४० मध्ये कुलाब्यात विमानवेधी तोफांचं पहिलं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. पुढे ते कराचीला हललं. युद्धाच्या काळात विमानवेधी रेजिमेंट भराभर उभ्या राहिल्या, युद्ध संपल्यावर तितक्याच भराभर मोडल्या, आणि फाळणीनंतर भारताच्या वाट्याला त्यांतल्या मोजक्याच आल्या.

त्यानंतरची अनेक वर्षं हवाई संरक्षण ही तोफखान्याचीच एक शाखा होती. एकच अधिकारी काही वर्षं फील्ड रेजिमेंटमध्ये आणि काही वर्षं विमानवेधी रेजिमेंटमध्ये, हे त्या काळी नवलाचं नव्हतं. ४० मिमीची बोफोर्स एल ७० तोफ होती तोवर ते चालूनही गेलं. मग सोव्हिएत संघाकडून शिल्का ही गाडीवरची चार नळ्यांची विमानवेधी तोफ आली, क्वाद्रात आणि ओसा ही क्षेपणास्त्रं आली. आता प्रत्येक रेजिमेंटमध्ये रडार, संगणक आणि मार्गदर्शन यंत्रणा होती, आणि दोन-तीन वर्षांत बदलून जाणाऱ्या माणसाला ती अंगवळणी पडणं कठीण होतं. १९८९ मध्ये या शाखेची शाळा नाशिकजवळच्या देवळालीतल्या तोफखान्याच्या शाळेपासून वेगळी होऊन ओडिशातल्या गोपाळपूरला समुद्रकाठी गेली आणि १० जानेवारी १९९४ ला घर रीतसर वेगळं झालं. आर्मी एअर डिफेन्स हे नाव २००५ मधलं, राष्ट्रपतींचा ध्वज मिळाला तो २०१९ मध्ये.

तोफखान्यातून वेगळं निघालेलं हे पहिलं घर नव्हे. १९८६ मध्ये आर्मी एव्हिएशन, म्हणजे सेनेची हेलिकॉप्टरं उडवणारं दलही याच घरातून बाहेर पडलं. थोरल्या घरात अजून बोललं जातं की पंखवाले गेले, मग पंख छाटणारेही गेले.

वेळ कुणाच्या हातात

खरा फरक इथे आहे. तोफखाना आपली वेळ स्वतः निवडतो. लक्ष्य ठरतं, हवामानाची आकडेमोड होते, दारूगोळा मोजला जातो, आणि ठरलेल्या मिनिटाला सगळ्या नळ्या एकदम बोलतात. १५५ मिमीचा गोळा तीस किलोमीटरवर पडायलाच मिनिटाहून जास्त घेतो. पहिला गोळा चुकला तर ओ.पी. अधिकारी, म्हणजे पुढे राहून लक्ष्यावर नजर ठेवणारा गनर, दुरुस्ती सांगतो, दुसरा जवळ पडतो, तिसरा लक्ष्यावर.

हवाई संरक्षणात वेळ शत्रू निवडतो. हिशोब करून पाहा. ताशी ९०० किलोमीटरने येणारं लढाऊ विमान सेकंदाला अडीचशे मीटर कापतं. २३ मिमीच्या झेडयू तोफेचा परिणामकारक पल्ला अडीच किलोमीटर, म्हणजे विमान माऱ्यात आल्यापासून डोक्यावर येईपर्यंत दहा सेकंद. एल ७० चा पल्ला साडेतीन-चार किलोमीटर धरला तरी चौदा ते सोळा सेकंदच. तेवढ्यात विमान ओळखायचं, आदेश तपासायचा, मारा करायचा. दुसऱ्या गोळ्याने दुरुस्ती करू, ही सोय नाही.

त्यात 'तपासायचा' हा शब्द सगळ्यात जड आहे. आपलीही विमानं त्याच आकाशात असतात. म्हणून प्रत्येक तुकडीवर कोणत्या ना कोणत्या पातळीचं नियंत्रण असतं: वेपन फ्री, वेपन टाइट, वेपन होल्ड. पहिल्यात जे आपलं म्हणून ओळखलं गेलेलं नाही त्यावर मारा करता येतो. दुसऱ्यात शत्रू असल्याची खात्री हवी. तिसऱ्यात स्वसंरक्षण किंवा थेट आदेश सोडला तर बोट ट्रिगरवरून दूर. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामजवळ वायुसेनेच्याच क्षेपणास्त्राने वायुसेनेचं एमआय १७ हेलिकॉप्टर पडलं. आत सहा वायुसैनिक होते, खाली जमिनीवरचा एक नागरिकही गेला. ही आमची चूक, असं वायुसेनाप्रमुखांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. ते क्षेपणास्त्र सेनेचं नव्हतं, पण हवाई संरक्षणात जाणाऱ्या प्रत्येकाने ही घटना डोक्यात ठेवावी. इथे न मारण्याचा निर्णयही मारण्याइतकाच तुमचा असतो. महिनोन्महिने रडारच्या पडद्याकडे बघत राहायचं, काही घडत नाही, तरी ढिलं पडायचं नाही. हे ज्याला जमत नाही त्याने इकडे येऊ नये, हे मी स्पष्टच सांगतो.

तोफखान्यात कोवळ्या लेफ्टनंटची कसोटी वेगळी. ओ.पी. अधिकारी म्हणून तो पायदळाच्या कंपनीबरोबर पुढे जातो, त्यांच्याबरोबर चढतो, त्यांच्याबरोबर उपाशी राहतो, आणि रेडिओवरून मागच्या तोफांना आवाज देतो. १९९९ मध्ये कारगिलमध्ये तोफखान्याने अडीच लाखांच्या आसपास गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. तोलोलिंग आणि टायगर हिलच्या कड्यांवर चढणाऱ्या पायदळाच्या डोक्यावरून तो मारा जात होता. २०२२ मध्ये पॉइंट ५१४० ला 'गन हिल' हे नाव दिलं गेलं, ते त्याच कामगिरीसाठी. पायदळाशी इतकं जवळचं नातं हवाई संरक्षणाच्या वाट्याला सहसा येत नाही. त्यांच्या तुकड्या विमानतळ, पूल, दारूगोळ्याचे साठे, मुख्यालयं राखतात. रणगाड्यांच्या बरोबरीने धावणाऱ्या रेजिमेंट सोडल्या तर हे काम राखणदाराचंच.

हत्यारं

तोफखान्यावर तीस वर्षं दुष्काळ होता. १९८६ च्या करारातून ४१० बोफोर्स हॉवित्झर आल्या, आणि त्यानंतर मोठी नवी तोफ दिसली ती थेट नोव्हेंबर २०१८ मध्ये, देवळालीत अमेरिकी एम ७७७ आणि के ९ वज्र दाखल झाल्या तेव्हा. तिथून गाडी सुसाट आहे. स्वदेशी धनुष तोफ आली. २०२५ च्या मार्चमध्ये ३०७ एटॅग्स तोफांचा करार झाला. पिनाका रॉकेटचा मूळ पल्ला चाळीस किलोमीटरच्या आत होता, मार्गदर्शित आवृत्ती सत्तरच्या पुढे जाते. ब्राह्मोसही या घरात आहे.

हवाई संरक्षणाचा दुष्काळ जास्त लांबला, पण त्यावर बोललं गेलं कमी. एल ७० १९६० च्या दशकातली. शिल्का आणि झेडयूही सोव्हिएत काळातल्या. नवं म्हणावं असं मोठं पाऊल मे २०१५ मध्ये पडलं: पंचवीस किलोमीटर पल्ल्याचं स्वदेशी आकाश क्षेपणास्त्र सेनेत आलं. सत्तर किलोमीटरच्या एमआरसॅम क्षेपणास्त्राची पहिली रेजिमेंट २०२३ ची.

मग मे २०२५ उजाडला. ऑपरेशन सिंदूरमध्ये ८ मेच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आल्याचं सरकारने दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या हत्यारांत ज्यांना लोक भंगारात काढायला निघाले होते त्या एल ७०, झेडयू आणि शिल्काही होत्या. वरचंच गणित उलटं करा: ताशी दीडशे किलोमीटरने येणारा ड्रोन अडीच किलोमीटर कापायला पूर्ण मिनिट घेतो. दहा सेकंदांची घाई संपली. शिल्काच्या चार नळ्या मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास गोळ्या ओकतात, आणि स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र खर्चण्याची वेळ येत नाही. अर्थात नुसत्या नळीने हे साधलं नाही. एल ७० ला नवी नेमयंत्रणा बसवलेली होती, आणि सगळ्या रडारांचं चित्र एका पडद्यावर आणणारी आकाशतीर ही भारत इलेक्ट्रॉनिक्सची यंत्रणा मागे होती.

त्या आठवड्यानंतर हवाई संरक्षणाकडे पाहण्याची नजर बदलली. देशभर हवाई संरक्षणाचं कवच उभारण्याच्या सुदर्शन चक्र मोहिमेची घोषणा त्याच वर्षी १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून झाली, मुदत २०३५. आज कमिशन घेणाऱ्याच्या उमेदीची वर्षं नेमकी त्याच काळात पडतात. पण तोफखानाही मागे नाही. त्याच वर्षी जुलैत द्रासला सेनाप्रमुखांनी 'शक्तिबाण' रेजिमेंट आणि 'दिव्यास्त्र' बॅटऱ्या जाहीर केल्या. त्यात ड्रोन आहेत, घिरट्या घालून आदळणारी हत्यारं आहेत, आणि ड्रोन पाडण्याची साधनंही आहेत. म्हणजे वाटणीची भिंत पुन्हा थोडी पातळ होते आहे.

एक गैरसमज मात्र आताच काढून टाका. एस ४०० ही चारशे किलोमीटर पल्ल्याची रशियन क्षेपणास्त्र यंत्रणा पाहून हवाई संरक्षण दल पहिल्या क्रमांकावर लिहिणारे बरेच असतात. एस ४०० वायुसेनेकडे आहे. स्पायडर आणि पेचोरा ही क्षेपणास्त्रंही तिथलीच. आकाश दोघांकडे आहे. चारशे किलोमीटर पल्ल्याचंच यंत्र हाताळायचं असेल तर तुमची अकादमीच चुकली.

रोजचं जगणं

तरुण अधिकाऱ्याचा पहिला अभ्यासक्रम तोफखान्यात देवळालीला, हवाई संरक्षणात गोपाळपूरला. एकीकडे नाशिकचं माळरान, दुसरीकडे बंगालचा उपसागर आणि त्यावर उडणारी वैमानिकरहित लक्ष्यविमानं. तोफखाना कित्येक पटींनी मोठा, त्यामुळे रेजिमेंटही जास्त, नेमणुकाही जास्त तऱ्हेच्या, वरच्या जागाही जास्त. कुमारमंगलम, मल्होत्रा, रॉड्रिग्ज, पद्मनाभन, दीपक कपूर हे सगळे सेनाप्रमुख गनर होते. स्वतंत्र झाल्यापासून हवाई संरक्षणातून अजून कुणी त्या खुर्चीपर्यंत पोहोचलेलं नाही. मात्र लहान घरात माणसं एकमेकांना नावाने ओळखतात. चांगलं काम लपत नाही, वाईट तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट विखुरण्याची. हवाई संरक्षणाची रेजिमेंट क्वचितच एका जागी असते. एक बॅटरी इथे, दुसरी दीडशे किलोमीटरवर, आणि त्यातली एक तुकडी कुठल्यातरी पुलापाशी. तिथे चोवीस वर्षांचा अधिकारीच सर्वेसर्वा. रेशन, पाणी, जनरेटर, जवानाच्या घरचं भांडण, सगळं त्याच्याच दारात. कुणाला हे स्वातंत्र्य वाटेल, कुणाला एकटेपण.

महिला कॅडेटसाठी चित्र अलीकडेच बदललं. हवाई संरक्षणात महिला अधिकारी बऱ्याच आधीपासून आहेत, आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर कायमस्वरूपी कमिशनही खुलं झालं. तोफखान्याने दार उघडलं एप्रिल २०२३ मध्ये, चेन्नईच्या अकादमीतून पाच जणी गनर म्हणून बाहेर पडल्या तेव्हा. हवाई संरक्षणात वाट मळलेली आहे, तोफखान्यात ती पाडावी लागेल. दोन्हींत मजा आहे, कष्ट मात्र तोफखान्यात जास्त.

मग कागदावर काय लिहायचं

पायदळाच्या खांद्याला खांदा लावून पुढे असायची ओढ असेल, मोठ्या घरातल्या असंख्य वाटा मोकळ्या हव्या असतील, आणि चूक झाल्यावर पुढच्या गोळ्याने ती सुधारायचा स्वभाव असेल, तर तोफखाना वर. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जीव रमत असेल, शांतपणे वाट बघता येत असेल, आणि दहा सेकंदांत घेतलेल्या निर्णयाचा भार नंतर वर्षानुवर्षं उचलायची तयारी असेल, तर हवाई संरक्षण वर. दोन्हीत मन सारखंच रमत असेल तर आजच्या घडीला मी हवाई संरक्षण आधी लिहीन. त्याची बरीचशी नवी यंत्रणा अजून यायची आहे, आणि नव्या यंत्रणेची पद्धत घालून देणारी पहिली फळी आत्ताच्या लेफ्टनंटांचीच असेल.

तरीही दुसऱ्या क्रमांकाचा रकाना गांभीर्याने भरा. वाटप गुणवत्ता यादी, रिक्त जागा आणि सेनेची गरज पाहून होतं. जे पहिलं लिहिलं ते न मिळालेले गनर दोन्ही घरांत भरपूर आहेत, आणि त्यांतल्या कितीजणांना आज ते आठवतंय, हे मेसमध्ये एकदा विचारून बघा.