इटली-ग्रीसची ग्रुप टूर: पँथिऑनला वीस मिनिटं फार कमी पडतात

भुसावळला मी २६ वर्षं सेंटरिंग-स्लॅबची कामं घेतोय. दिवाळीनंतर सौ.ला घेऊन दहा दिवसांची इटली-ग्रीस टूर केली. कंपनीचं नाव घेत नाही, पण पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहितो.

हॉटेल, बस, वरण-भात सगळं व्यवस्थित होतं. तक्रार वेळेची आहे.

रोममध्ये, पत्रकात 'कोलोसियम दर्शन' (जुनं रोमन रंगमैदान) छापलं होतं, ते बाहेरून निघालं. ८० कमानींचा तो लंबगोल घेर रस्त्यावरून पाहिला, फोटो काढले, बस सुटली. दगडांत जागोजाग भोकं कसली, हे टूर लीडरला सांगता आलं नाही. आतले लोखंडी क्लॅम्प लोकांनी उकरून नेले त्याच्या त्या खुणा, हे पुढे अथेन्समध्ये कळलं.

रोममधल्याच पँथिऑन या जुन्या रोमन देवळात मात्र पाय हलेना. घुमटाचा व्यास ४३ मीटरच्या वर, जमिनीपासून उंचीही तेवढीच, आणि आत एकही सळई नाही! इ.स. १२६ च्या सुमाराला, हेड्रियन बादशहाच्या काळात पुरं झालेलं हे काँक्रीट. त्या लोकांनी माल आपल्यासारखा ओतला नाही, थरावर थर घालून ठोकला. खाली जड दगडाची खडी, वर जावं तसा हलका माल, अगदी वरती ज्वालामुखीचा सच्छिद्र दगड. बुडाशी जाडी सहा मीटरच्या वर, तोंडाशी सव्वा मीटर. चुन्यात ज्वालामुखीची राख. पोझुओली नावाच्या गावावरून त्या राखेला पोझोलाना म्हणतात. आपल्या पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट) च्या नावात आहे तोच शब्द. दीपनगरच्या वीज केंद्रातून निघते तशी राख त्या सिमेंटमध्ये घालतात, तिचं कामही तेच, चुन्याशी मिळून घट्ट होणं. इतकी वर्षं गोण्या फोडल्या, शब्दाचं मूळ तिथे उभं राहून कळलं.

घुमटाच्या मधोमध जवळपास नऊ मीटरचं उघडं तोंड आहे. सौ. म्हणाली, "अहो, हे तर आपल्या धाब्याचं सानं." आमचं यावलकडचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, आणि सानं म्हणजे त्या छतातलं उजेडाचं भोक. पाऊस आला की आई धावत वर जाऊन सान्यावर टोपलं पालथं घालायची. इथे झाकणच नाही. पाऊस सरळ आत पडतो, फरशीला मधून कडेकडे हलका ढाळ आहे आणि पाणी जायला २२ भोकं. ती वाकून बघत होतो तेवढ्यात हाक आली, चला, चामड्याच्या दुकानाला उशीर होतोय. दुकानात दोन तास गेले.

संध्याकाळी मोकळा वेळ मिळाला, तेव्हा आम्ही दोघं चालत परत गेलो. आमच्या वेळी तिकीट ५ युरो होतं. तासभर आत बाकावर बसलो. सगळ्या टूरमधला हाच तास माझ्या मनात राहिला.

अथेन्सला स्थानिक गाईडबाई होत्या, फार जीव लावून सांगत होत्या. पार्थेनॉन या जुन्या देवळाचं काम इ.स.पू. ४४७ ला सुरू झालं, दगडांच्या सांध्यात चुना नाही, लोखंडी क्लॅम्पवर शिसं ओतलेलं. १६८७ मध्ये आत दारूगोळा साठवला होता, त्यावर व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडला आणि मधला भाग उडाला. मग त्यांनी मला कोपऱ्यावर नेलं आणि म्हणाल्या, पायरीच्या रेषेत डोळा लावा. पायरी मध्यावर फुगलेली! जवळपास ७० मीटर लांबीत ११ सेंटीमीटरचा उठाव, मुद्दाम दिलेला. खांबही ओळंब्यात नाहीत, आत कललेले. आमच्या साईटवर लेव्हलच्या नळीने सूतभर चूक काढतात, आणि इथे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी ठरवून बाक दिला आणि तो चारही बाजूंना जुळवून आणला. मी पाच वेळा डोळा लावला. त्या बाई थांबून राहिल्या, एकदाही घाई केली नाही.

पाचपैकी तीन तारे, त्यातले दोन या बाईंचे. बुकिंग करताना दोन गोष्टी लेखी घ्या: कोलोसियम आतून की बाहेरून, आणि पँथिऑनला किती वेळ.