वर्षभर आयरिन्स वापरल्यानंतर: सायटेशन खरंच वाढतात का?

पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची आयरिन्स ही संशोधन माहिती प्रणाली आमच्याकडे येऊन वर्ष होत आलं. आली नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, निमित्ताने, पण खरा उपयोग वेगळाच निघाला.

तो म्हणजे नावांचा गुंता सुटला. लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं आडनाव, मधलं नाव कधी पूर्ण तर कधी नुसतं आद्याक्षर; त्यामुळे एकाच मॅडमचे शोधनिबंध स्कोपस या शोधनिबंधांच्या जागतिक सूचीत तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावावर पडलेले. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाची कायमची ओळख असलेला, 16 अंकी क्रमांक काढला, स्कोपसला दुरुस्तीची विनंती पाठवली आणि एच-इंडेक्स (सायटेशनवरून, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांच्या दिलेल्या संदर्भांवरून, काढलेला आकडा) वर गेला. मॅडमना केवढा आनंद झाला! मात्र त्यांना नवं सायटेशन एकही मिळालं नव्हतं, जुनीच एका नावाखाली आली. अहवाल लिहिताना हा फरक सांगायलाच हवा.

नवी सायटेशन हवी असतील तर निबंध आधी लोकांना वाचायला मिळाला पाहिजे. पिवोवार आणि सहकाऱ्यांच्या 2018 च्या अभ्यासात खुल्या, म्हणजे मोफत वाचता येणाऱ्या, निबंधांना सरासरीपेक्षा 18 टक्के जास्त सायटेशन दिसली. उलट फिलिप डेव्हिस यांनी 2008 मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निबंध निवडून खुले केले, तेव्हा डाउनलोड वाढले, पण पहिल्या वर्षात सायटेशनमध्ये फरक पडला नाही. लेखक आपले चांगले निबंधच खुले ठेवतात, हेही 18 टक्क्यांमागचं एक कारण असू शकतं. म्हणून मी प्राध्यापकांना सायटेशनचं नाही, वाचकांचं आश्वासन देते.

निबंध खुला करताना अडतं कुठे, तर फाइलपाशी. डीबीटी-डीएसटी या केंद्र सरकारच्या विज्ञान विभागांच्या 2014 च्या धोरणानुसार त्यांच्या निधीतल्या संशोधनाचा स्वीकृत मसुदा, म्हणजे नियतकालिकाने स्वीकारलेली पण छपाईची मांडणी न झालेली प्रत, सर्वांना खुल्या ऑनलाइन भांडारात ठेवायचा असतो. मसुदा मागितला की सर म्हणतात, "अहो, छापील पीडीएफ आहे की!" ती प्रकाशकाच्या हक्कांमुळे बहुतेक वेळा चढवता येत नाही. स्वीकृत मसुदा चालतो, कधी एम्बार्गो, म्हणजे प्रकाशकाने ठरवलेली थांबण्याची मुदत, संपल्यावर. प्रत्येक नियतकालिकाचा नियम ओपन पॉलिसी फाइंडर (पूर्वीचं शेर्पा रोमिओ) या संकेतस्थळावर पाहायचा. म्हणून निबंध स्वीकारल्याची मेल आली, त्याच दिवशी ती वर्ड फाइल ग्रंथालयाकडे पाठवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

2025 पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजनेमुळे सरकारी संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली. त्याबाहेरच्या वाचकाला अजूनही हा मसुदाच मिळतो.

मराठी निबंधांचं मात्र वाईट वाटतं. बहुतेकांना डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक, नाही, त्यामुळे ते आयरिन्समध्ये हाताने भरावे लागतात, आणि मराठी नियतकालिकांतली सायटेशन जवळजवळ मोजलीच जात नाहीत. मराठी विभागातल्या सरांचा लेख राज्यभर वाचला जातो, आणि आकडा शून्य. त्या शून्यावरून कुणाचंही मूल्यमापन करू नये, असं मी प्राचार्यांना लेखी दिलं आहे.