लुक रेपसेट क्लच किट: डिझेल फोर-बाय-फोरला घरी बसवायचं असेल तर

शेफलरच्या लुक ब्रँडचं रेपसेट म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही एकाच डब्यात. थार, बोलेरो, स्कॉर्पिओ अशा लॅडर चेसिसच्या (शिडीसारख्या सांगाड्यावर बांधलेल्या) डिझेल फोर-बाय-फोर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी पट्ट्यात शेतापासून घाटापर्यंत राबतात. त्यांच्यासाठी नुसती प्लेट घेण्यापेक्षा पूर्ण किट घेणं कधीही शहाणपणाचं. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) उतरवायची मेहनत दोन्ही वेळेला तेवढीच. जुन्या प्रेशर प्लेटच्या डायफ्राम स्प्रिंगची बोटं झिजलेली असतात, दाब कमी झालेला असतो. अशा प्रेशर प्लेटखाली नवी प्लेट घातली की ती लवकर घसरायला लागते.

किट मागवण्याआधी दुखणं क्लचचंच आहे ना, ते बघा. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला आणि इंजिनचा आवाज चढला पण गाडी ओढली नाही, तर प्लेट घसरते आहे. पेडल दाबल्यावर घरघर येत असेल तर रिलीज बेअरिंग. पण पेडल मोकळं असताना आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर दोष बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. तो या किटनं जाणार नाही. रिव्हर्स टाकताना कचकच होत असेल तर आधी पेडलचा दाब क्लचपर्यंत नेणारे मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडर गळतात का ते पाहा.

डब्यात काय नाही, हे जास्त महत्त्वाचं. स्पिगॉट बेअरिंग (क्रँकच्या टोकात बसून इनपुट शाफ्टचं टोक धरणारं) नाही, क्रँकचा मागचा ऑइल सील नाही. दोन्ही वेगळे आणून ठेवा, कारण गिअरबॉक्स खाली आल्यावर एका सीलसाठी बेळगाव गाठायचं म्हणजे दिवस गेला. प्लेट मध्यावर धरायचं अलाइनमेंट टूल घरात नसेल तर तेही आणा. काही मॉडेलमध्ये बेलहाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या कवचाच्या) आतच, इनपुट शाफ्टभोवती बसणारा स्लेव्ह सिलिंडर असतो. तसं असेल तर साधं रेपसेट न घेता रेपसेट प्रो घ्यावं, त्यात तो सिलिंडर येतो.

घरी काम करताना सगळ्यात मोठा प्रश्न वजनाचा. गॅरेजात गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच उतरवतात. घरी ट्रान्सफर केस आधी वेगळी काढलेली बरी. एक गॅस्केट जास्त लागतं, पण ट्रॉली जॅकवर तोल राहतो. जमीन सिमेंटची हवी. खानापूरकडच्या तांबड्या मातीच्या अंगणात पावसाळ्यात हे काम काढूच नका, स्टँड रुततो. चारही स्टँड चेसिसखाली, चाकांना लाकडी ठोकळे, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. दुसरा माणूस हवाच.

पुढचा आणि मागचा, दोन्ही प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर रंगाची खूण करा. खूण न जुळवता शाफ्ट परत लावला तर बॅलन्स बिघडून वेगात थरथर येते आणि मग लोक विनाकारण नव्या क्लचला दोष देतात. ट्रान्सफर केसचं ऑइल आधीच काढून घ्या. दोन्ही लिव्हर, स्पीड सेन्सर, रिव्हर्स लाइटचा आणि फोर-व्हीलचा स्विच, स्टार्टर मोकळे करा. बाहेरचा स्लेव्ह सिलिंडर पाइपसकट बाजूला बांधून ठेवा आणि या काळात कुणालाही क्लच पेडल दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर उडतो.

क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स पेलणारी आडवी पट्टी) काढण्याआधी इंजिनच्या तळाच्या ऑइल संपखाली लाकडी फळी ठेवून इंजिनला जॅकचा आधार द्या. मग इंजिन मागे थोडंसंच झुकवायचं. बेलहाउसिंगचे वरचे बोल्ट त्यामुळेच हाताशी येतात. दोन फुटांचं एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट मागून गिअरबॉक्सवरून घातला की ते सुटतात. जास्त झुकवलं तर पंखा त्याच्याभोवतीच्या श्राउडला घासतो आणि रेडिएटरचे होस ताणले जातात.

आत साठलेली धूळ फुंकून उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. मग फ्लायव्हील, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनची जड चकती, नीट पाहा. या किटचं यशापयश इथंच ठरतं. निळे डाग, बारीक चिरा, नखाला लागणारी रेघ दिसली की फ्लायव्हील उतरवून फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग मशीनवर सपाट करून, घ्यावा. बेळगावात उद्यमबाग असताना या कामाला आळस करण्याचं कारणच नाही. कास्टिंग आणि मशीनिंगची कामं करणाऱ्यांची तिथं वाण नाही. साध्या टर्निंगपेक्षा सरफेस ग्राइंडिंग मागा. फ्लायव्हील पायरीचं असेल तर वरचा आणि खालचा, दोन्ही पृष्ठभाग सारखेच घासायला सांगा, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो. ड्युअल मास (आत स्प्रिंग असलेलं दोन भागांचं) फ्लायव्हील असेल तर त्याचा फेस मारायचा नसतो. खेळ जास्त असेल तर बदलायचं. फ्लायव्हील उतरलंच आहे तर ऑइल सील त्याच वेळी बदला, कारण तेलाचा ओघळ प्लेटवर आला की सगळा खर्च वाया. फ्लायव्हीलच्या बोल्टचा टॉर्क मात्र मॅन्युअलमधूनच घ्या.

स्पिगॉट बेअरिंग पुलरशिवाय निघतं: भोकात ग्रीस ठासून भरायचं आणि अगदी नेमक्या मापाच्या शाफ्टनं ठोकायचं, ग्रीसच्या दाबानं बेअरिंग बाहेर येतं. नंतर ते ग्रीस शेवटच्या कणापर्यंत पुसा.

नवी प्लेट फ्लायव्हीलवर नेण्याआधी इनपुट शाफ्टवर सरकवून पाहा. सहज सरकली तर पार्ट बरोबर. दाते जुळत नसतील तर पार्ट परत करायची हीच वेळ. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या या दात्यांवर, उष्णता सोसणारं ग्रीस नुसतं चोपडल्यासारखं लावा, प्लेट सरकवा, बाहेर आलेलं पुसून टाका. जास्त ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर बसतं. रिलीज बेअरिंग कधीही पेट्रोलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं. प्रेशर प्लेटच्या फेसवरचा गंजरोधक थर ब्रेक क्लीनरनंच काढा. रॉकेल किंवा डिझेल नको.

प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावर लिहिलेली असते. उलटी बसली तर क्लच सुटतच नाही आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, एकेक-दोनदोन आटे आवळत न्यायचे. 8 मिमीच्या बोल्टला साधारण 25 न्यूटन-मीटर. एकच बाजू आधी आवळली तर कव्हर वाकतं आणि गाडी सुटताना थरथरते.

गिअरबॉक्स चढवताना तो इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. शेवटचं बोटभर अंतर उरलं की बोल्टनं ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केल्यानं बेलहाउसिंगचे कान तुटतात. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा शाफ्ट थोडा फिरवा, गिअरमध्ये असला की दाते आपोआप जुळतात. मग बोल्ट. त्यानंतर ताजा ब्रेक फ्लुइड, मॅन्युअलमध्ये सांगितलेलाच, घालून हवा काढा आणि गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस दोन्ही ठिकाणचं ऑइल भरा.

पहिले 500 किलोमीटर ट्रेलर जोडू नका, चोर्ला घाटात हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका. ऊस भरलेली ट्रॉली चिखलातून काढायची तर लो रेंज (ट्रान्सफर केसचा कमी वेगाचा, जास्त ओढीचा गिअर) वापरा, क्लचवरचा भार खूपच हलका होतो. डांबरी रस्त्यावर मात्र ती लावू नका. जांबोटी, कणकुंबीकडे पावसात पाण्यातून गेलेली गाडी महिनाभर उभी राहिली तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, तेव्हा मधूनमधून ती चालवा.

किट म्हणून याला आमची पसंती आहे. जड काम करणाऱ्या गाडीला ते घालावं. फक्त नकली डबे बाजारात फिरतात. डब्यावरचा कोड शेफलरच्या ओरिजिनचेक ॲपनं स्कॅन करून बघा आणि जीएसटी बिलाशिवाय घेऊ नका. कोल्हापुरात थोडं स्वस्त मिळालं तरी, वॉरंटीसाठी किट परत त्याच दुकानात न्यावं लागेल हे धरून हिशेब करा.