गिअरबॉक्स बदलला, लॉक-अप गेलं: मूळ वायरिंग, बटन की जादा कूलर?

जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, दुसरा आणून बसवला. सगळे गिअर पडतात, पण हायवेवर इंजिन उगाच चढं फिरतं आणि डिझेलही जास्त जातं. मिस्त्रीला विचारलं तर म्हणतो, "काहून टेन्शन घेता भाऊ, गाडी तं पळून राहिली ना?"

पळते, पण तेलाच्या जिवावर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते आणि त्यात थोडी घसर असतेच. एकसारख्या वेगात आतला लॉक-अप क्लच इंजिनची आणि गिअरबॉक्सची बाजू एकमेकांना घट्ट धरतो, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) दोन-तीनशेने उतरतो. तो लागला नाही तर घसरीची उष्णता तेलातच राहते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना ते तेल थंड व्हायचं कसं?

आधी खात्री करा. मोकळा सपाट रस्ता, मागे कोणी नाही, इंजिन गरम, टॉप गिअर, ८० चा वेग. उजवा पाय तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकचा फक्त दिवा लागेल इतकाच पेडल दाबा. आरपीएम चढला तर लॉक-अप लागत होतं, दुखणं दुसरं आहे. काटा हललाच नाही तर पुढचं वाचा.

उपाय तीन: मूळ वायरिंग दुरुस्त करणं, लॉक-अपला वेगळं बटन लावणं किंवा तेलाला जादा कूलर बसवणं. माझं मत मूळ वायरिंगच्या बाजूने. लॉक-अप लावायचं की नाही हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याला अडवणारी गोष्ट पुष्कळदा क्षुल्लक असते. गिअरबॉक्सच्या कनेक्टरची वाकलेली पिन. किंवा ब्रेक लाइटचा अडकलेला स्विच, ज्यामुळे कॉम्प्युटरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे (माझ्या गाडीत हेच निघालं, आणि तोवर मी दोनदा तेल बदललं होतं). तिसरं कारण खास आपल्याकडचं: गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकतात. मग थंडीत इंजिन पुरेसं गरमच होत नाही, आणि थंड इंजिनवर कॉम्प्युटर लॉक-अप देत नाही. स्कॅनर मात्र ट्रान्समिशन वाचणारा हवा. त्यात पी०७४० हा बिघाडाचा कोड आला तर लॉक-अपचं सर्किट पाहा. पी०७४१ म्हणजे हुकूम जातो, पण क्लच धरत नाही.

बटनाचा जुगाड स्वस्त. डॅशबोर्डवर स्विच, तिथून लॉक-अपच्या सोलेनॉइडला (विजेवर चालणारा तेलाचा व्हॉल्व्ह) करंट. पण तो फक्त जुन्या, साध्या ऑन-ऑफ सोलेनॉइडलाच चालतो. नव्या गिअरबॉक्समध्ये कॉम्प्युटर करंट तुकड्या-तुकड्याने देऊन दाब हळूहळू वाढवतो. तिथे सरळ १२ व्होल्ट दिले तर झटका बसतो, सोलेनॉइड जळूही शकतं. शिवाय बटन बंद करायचं विसरलात आणि समोर म्हैस आली, तर क्लच न दाबता ब्रेक मारल्यासारखं इंजिन बंद पडेल. म्हणून करायचंच असेल तर ब्रेक लाइटच्या करंटवर चालणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) मध्ये टाका, म्हणजे ब्रेक दाबताच लॉक-अप सुटेल. रिले नको म्हणणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नका.

लॉक-अप सोडून देऊन तेलाचा जादा कूलर बसवणं, हेही काहींसाठी शहाणपणाचं. गाडी गाव ते तालुका, पांदण रस्त्याने शेत, एवढीच फिरत असेल तर ३०-४० च्या वेगात जुन्या गिअरबॉक्समध्ये लॉक-अप तसंही क्वचितच लागतं. कूलर लावा, तेल लवकर बदला, खुशाल चालवा. पण आठवड्याला समृद्धीवरून नागपूर-शिर्डी असेल तर तासन्‌तास तीच घसर चालू राहते, तिथे नुसता कूलर मला पटत नाही.

एक शंका मात्र आधीच फेडून घ्या: बसवलेला कन्व्हर्टर त्याच गिअरबॉक्सचा आहे ना? जोडी चुकली असेल किंवा आतला क्लच जळालेला असेल, तर वायरिंग आणि बटन दोन्ही वाया. गिअरबॉक्स परत खाली उतरवावाच लागतो.