"लोड टाकून कधी चालवलाय का?" : हॉस्पिटलच्या वीज देखभालीच्या सेवेचा तीन वर्षांचा अनुभव

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या या मंडळींकडे आमच्या हॉस्पिटलच्या वीज देखभालीचा वार्षिक करार जून २०२२ पासून आहे. तीन वर्षं पूर्ण झाली, म्हणून लिहिते. मी इंजिनिअर नाही. सतरा वर्षं नवजात कक्षात सिस्टर होते, आता ३० खाटांच्या या बालरुग्णालयाचं प्रशासन बघते. मेगर काय आणि क्लॅम्प मीटर काय, हे मी इथे शिकले. पण लाईट गेल्यावर ऊब देणाऱ्या वॉर्मरखालचं बाराशे ग्रॅमचं बाळ किती पटकन गार पडतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आधीचा करार का मोडला ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मे २०२२, रात्री सव्वाअकरा, वळवाचा जोरदार पाऊस. गंगापूर रोडला झाडाची फांदी तारांवर पडली आणि आमचा सगळा भाग अंधारात गेला. खाली जनरेटर सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही सगळ्या वर बघत थांबलो, आता येईल, आता येईल. जनरेटर धडधडत होता आणि वर लाईट येत नव्हती. मॉनिटर, सिरिंज पंप, व्हेंटिलेटर यूपीएसवर होते. वॉर्मर नव्हते, कारण हीटरचा लोड यूपीएस ओढत नाही. तेराव्या मिनिटाला यूपीएसही बसला. व्हेंटिलेटर त्याच्या आतल्या बॅटरीवर चालू राहिला, म्हणून ते बाळ वाचलं. वॉर्मरवरची दोन बाळं आम्ही त्यांच्या आयांच्या छातीशी दिली. तिसऱ्याची आई त्याच दिवशी सिझेरियन झालेली, हलू शकत नव्हती. तिच्या सासूबाई बाहेर बाकावर होत्या. त्यांना आत बोलावलं, त्यांनी पोलक्याची बटणं सोडली, बाळ उराशी घेतलं आणि वरून लुगड्याचा पदर लपेटला. पाऊण तास त्या जागच्या हलल्या नाहीत.

खाली वॉचमन टॉर्च धरून उभा होता आणि चेंजओव्हरचं, म्हणजे महावितरणची लाईन सोडून जनरेटरची जोडणाऱ्या स्विचचं, हँडल कोणालाच सापडत नव्हतं. सिडकोहून वायरमन भिजत आला आणि त्याने पान्याने चेंजओव्हर फिरवला. हा बदल आपोआप करणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल जळलेली होती. कधीपासून, कोण जाणे. रजिस्टरमध्ये दर सोमवारची नोंद होती, "जनरेटर १० मिनिटे चालवला, ओके", खाली सही. मी दोन वर्षांच्या सह्या मोजल्या, एकही सोमवार चुकला नव्हता. आणि नोंद खोटीही नव्हती. जनरेटर खरंच दर सोमवारी चालायचा. रिकामा, वीज कुठेही न पुरवता.

या नव्या मंडळींचे मोठे इंजिनिअर पन्नाशीचे गृहस्थ आहेत, आधी कारखान्यात मेंटेनन्सला होते. पहिल्या भेटीत त्यांनी ते रजिस्टर चाळलं आणि एवढंच विचारलं, "सिस्टर, लोड टाकून कधी चालवलाय का?" नव्हता चालवला. मग मला सायलेन्सरच्या तोंडाशी नेलं आणि आतून बोट फिरवून दाखवलं. काळं, चिकट, तेलकट. रिकाम्या इंजिनाला पुरेशी धग येत नाही, न जळलेलं डिझेल असं साठत जातं. महिन्यातून एकदा तरी क्षमतेच्या किमान ३० टक्के लोडवर अर्धा तास चालवायला हवा, असं त्यांचं म्हणणं. आमचा सेट ६२.५ केव्हीएचा, म्हणजे निदान पंधरा किलोवॉट तरी. आणि मेन स्विच खरोखर पाडल्याशिवाय चेंजओव्हर काम करतो की नाही हे कळायला दुसरा रस्ता नाही.

मेन पाडायचा म्हटल्यावर आमचे डॉक्टर साफ नाही म्हणाले. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या रात्रीची धास्ती सगळ्यांच्या मनात ताजी होती. शेवटी ठरलं ते असं: कॉन्टॅक्टर आधी बदलायचा, मग बुधवारी दुपारी दोनला, एकही ऑपरेशन नसताना, प्रत्येक व्हेंटिलेटरशेजारी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) घेऊन एक सिस्टर उभी करायची, एक माणूस खाली पॅनेलशी आणि एक वर घड्याळ लावून. पहिल्या वेळी लोड यायला २३ सेकंद लागले. सेटिंग बदलून ते ९ वर आणले. पण खरी गोष्ट दुसऱ्याच मिनिटाला कळली. लिफ्ट आणि सगळे एसी एकदम उठले की व्होल्टेज बसायचं आणि वॉर्मर अलार्म द्यायचे. रात्री हे कळलं असतं तर काय केलं असतं आम्ही? आता एसी टायमरवर आहेत, जनरेटर स्थिर झाल्यावर मिनिटभराने एकेक करून येतात. हँडल पॅनेलच्या दारालाच लाल दोरीने टांगलेलं आहे आणि रात्रपाळीच्या प्रत्येक सिस्टरने ते एकदा स्वतःच्या हाताने फिरवलेलं आहे.

वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दसऱ्याच्या सुमारास, ही मंडळी थर्मल कॅमेरा आणतात. भर लोडवर पॅनेलचं दार उघडून एकेक जोड बघतात. पहिल्याच वर्षी मेन पॅनेलमध्ये लाल फेज ५२ अंश, पिवळा ५०, आणि निळा ९६. नुसत्या डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसत होते. सप्लाय बंद करून तो जोड खोलला तेव्हा मी तिथेच उभी होते. अ‍ॅल्युमिनियमच्या केबलचा साधा अ‍ॅल्युमिनियमचाच लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची टोपी, सरळ तांब्याच्या बसबारवर, म्हणजे पॅनेलमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीवर, कसलेला. तिथे बायमेटॅलिक, म्हणजे दोन्ही धातूंचा, लग लागतो. दोन धातूंचा जोड हळूहळू खराब होतो, तापतो, तापला की सैल होतो आणि सैल झाला की आणखी तापतो. केबलवरची प्लॅस्टिकची स्लीव्ह तपकिरी झाली होती, हात लावल्यावर पापडासारखी मोडली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर सगळीकडे ऑडिट झाली, आमच्याकडेही झालं, शिक्क्याचा कागद फाइलला आहे. हा लग तेव्हाही तिथेच होता. ती मोडलेली स्लीव्ह मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे.

यूपीएसची कहाणीही तशीच. जिन्याखालच्या कोंदट खोलीत १६ बॅटऱ्या, वर जुन्या फायलींचे गठ्ठे. "मेंटेनन्स फ्री" लिहिलेलं, म्हणून कोणी बघायलाच गेलं नव्हतं. यांनी आधी खोलीचं तापमान घेतलं, ३९ अंश. कंपनी आयुष्य सांगते ते २५ अंशांचं, त्यावर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होत जातं. मग प्रत्येक बॅटरीवर नंबरची चिठ्ठी लावून लोडवर एकेकीचं व्होल्टेज मोजलं. बाकीच्या ११.८ च्या आसपास, सात नंबरची आणि बारा नंबरची १०.१. एका माळेत जोडलेल्या असल्यामुळे दोन अशक्त बॅटऱ्या उरलेल्या चौदांनाही खाली ओढतात. त्या रात्री यूपीएस तेराव्या मिनिटाला बसला तो यामुळेच. आता बॅटऱ्या लॅबशेजारी एसीच्या खोलीत आहेत आणि दर तीन महिन्यांनी सोळाच्या सोळा आकडे माझ्याकडे येतात.

अर्थिंगचे खड्डे पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकखाली गाडले गेले होते, तेही शोधून काढले. मे महिन्यात जमीन कोरडी असताना मोजतात, ते बरोबर आहे, पावसाळ्यात काय, सगळ्यांचंच रीडिंग चांगलं येतं.

आता खटकलेल्या गोष्टी. पहिली गंभीर आहे. दुसऱ्या वर्षी त्यांचा एक नवा मुलगा नवजात कक्षाचा डीबी, म्हणजे स्विचचा डबा, उघडून उभा होता. म्हणाला, "ताई, दोनच मिनिटं बंद करतो." मी म्हटलं, "अरे दादा, आधी चपला काढ, हात धू आणि आत येऊन बघ, मग दोन मिनिटांचं बोलू." आत आला, बघितलं, गप्प झाला. त्या दिवशी मी मोठ्या साहेबांना फोनवर खूप बोलले. तेव्हापासून माझ्या किंवा ड्युटीवरच्या सिस्टरच्या लेखी सहीशिवाय कुठलाही स्विच खाली होत नाही. सुधारणा केली हे खरं, पण ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

दुसरी गोष्ट रविवारची. जनरेटरच्या बॅटरीचा चार्जर गेला, फोन लगेच उचलला, माणूस आला पाच तासांनी. महावितरणची लाईट तोवर टिकली, पण आम्ही पाच तास घड्याळाकडे बघत होतो. बॅटरीच उतरली तर जनरेटर सुरूच होत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

पैशांचं सांगायचं तर आधीचा करार ३६ हजारांचा होता, हा १ लाख २० हजार आणि वर जीएसटी. सुटे भाग वेगळे. पहिल्या वर्षी बॅटऱ्या, कॉन्टॅक्टर, लग धरून दीड लाखाच्या आसपास वेगळे गेले. लहान हॉस्पिटलला ही रक्कम जड आहे, मला मान्य आहे, ट्रस्टींसमोर ती मीच मांडली होती. मी बोलायच्या ऐवजी खणातली स्लीव्ह टेबलावर ठेवली.

करार चौथ्या वर्षासाठी वाढवला आहे. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खणले जाणार, केबल तुटणार, हे धरूनच चाललो आहोत. या वेळी दोन अटी लेखी घातल्या. रविवार असो की सण, दोन तासांत माणूस दारात. आणि चौदा पानी इंग्रजी रिपोर्टसोबत एक पान मराठीत, मोठ्या अक्षरात: काय बिघडलं होतं, काय केलं, रात्री लाईट गेली तर आधी कशाला हात लावायचा. जूनचं पान आलं आहे. रात्रपाळीच्या सिस्टरने ते पॅनेलच्या दारावर, हँडलच्या शेजारी चिकटवलं आहे.