घरचा पोहण्याचा तलाव: चार उन्हाळ्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

आमच्या घरामागचा तलाव पाहायला येणारे पाहुणे पहिला प्रश्न विचारतात तो खर्चाचा. वर्षातले किती दिवस त्या पाण्यात कोणी उतरते, हे मात्र आजवर एकानेही विचारलेले नाही. घरी तलाव बांधावा की नाही याचा निर्णय माझ्या मते याच आकड्यावर व्हायला हवा. म्हणून गेल्या वर्षी १ जानेवारीपासून, ज्या दिवशी घरातले कोणीही पाण्यात उतरले, त्या तारखेभोवती मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने गोल करत गेलो. वर्षअखेरीस मोजले तेव्हा १२४ गोल भरले.

आमचे घर बेळगावच्या पश्चिमेला, हिंडलग्याच्या पुढे, जांभ्याच्या थरावरील तांबड्या मातीत आहे. तलाव २४ फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल आहे, म्हणजे त्यात सुमारे ३६,७०० लिटर पाणी मावते. बांधकाम आरसीसीचे आहे, आतून निळ्या टाइल्स आहेत, आणि पाणी गाळण्यासाठी एक हॉर्सपॉवरचा पंप व वाळूची गाळणी बसवलेली आहे. सर्व मिळून ११ लाख रुपये खर्च आला.

पहिल्या भरणीचा अनुभव मी सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात तलाव बांधणाऱ्या अनेकांना तो येण्यासारखा आहे आणि आम्हाला त्याची पूर्वकल्पना कोणीही दिली नव्हती. टँकरने पाणी आणायचे म्हटले तर पाच हजार लिटरच्या सात खेपांनीही तलाव पूर्ण भरत नाही, म्हणून आम्ही घरच्या बोअरचे पाणी तीन दिवस सोडले. ते काचेसारखे स्वच्छ दिसत होते, तळाच्या टाइल्समधील सांधेसुद्धा मोजता येत होते. संध्याकाळी त्यात क्लोरीनचे दाणे विरघळवून टाकले आणि तासाभरात सगळा तलाव कोऱ्या चहाच्या रंगाचा झाला. जांभ्याच्या पट्ट्यातील भूजलात लोह विरघळलेले असते. जमिनीखाली ते दिसत नाही, पण क्लोरीनशी गाठ पडताच त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तांबूस कण तयार होतात. तुरटी टाकून पंप बंद ठेवला, दोन रात्री गाळ खाली बसू दिला आणि मग तळाचा गाळ नळीने ओढून थेट बाहेर सोडला, तेव्हा कुठे पाणी निवळले. या खटाटोपात सहा-सात हजार लिटर पाणी वाया गेले. बोअरच्या पाण्याची तपासणी खोदाईला सुरुवात होण्याआधीच करून घ्यावी, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

जमिनीचा प्रश्न शहराच्या दक्षिणेकडे आणखी वेगळा आहे. येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. बासमती पिकवणारी ही माती भातासाठी उत्तम असली, तरी काँक्रीटच्या टाकीला ती सतत ढकलत आणि सोडत राहते. तिथे काळी माती काढून मुरूम भरून चांगला दाबून घेतल्याशिवाय काम सुरू करू नये. पावसाळ्यात जमिनीतील पाण्याची पातळी वर आली की रिकामी टाकी होडीप्रमाणे उचलली जाऊ शकते, म्हणून जून ते ऑक्टोबरच्या दरम्यान तलाव कधीही पूर्ण रिकामा करू नये. तळाला दाब सोडणारी झडप बसवली आहे ना, हे काम चालू असतानाच स्वतः उभे राहून पाहावे.

आमच्या कंत्राटदाराने झडप बसवली होती, पण पाण्याखालच्या दिव्याच्या पाइपभोवतीचा सांधा नीट भरला नव्हता. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी जास्त उतरते आहे असे वाटू लागले, तेव्हा त्याने ते बाष्पीभवन असल्याचे सांगून फोन ठेवला आणि त्यानंतर आमचे फोन घेणेच बंद केले. आम्ही मग बादलीची चाचणी केली, जी कोणालाही जमण्यासारखी आहे. बादली तलावाच्याच पाण्याने भरून पायरीवर अशी ठेवली की ती निम्मी पाण्यात राहील, आणि बादलीच्या आत व तलावाच्या भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. चोवीस तासांनी बादलीतले पाणी ६ मिलिमीटर उतरले होते आणि तलावातले १९ मिलिमीटर. बादलीतून गेले तेवढेच सूर्याचे आणि वाऱ्याचे; वरचे १३ मिलिमीटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ साडेतीनशे लिटर पाणी, जमिनीत जात होते. पंप बंद ठेवून वाट पाहिली, तर पातळी बरोबर दिव्याच्या खालच्या कडेशी येऊन थांबली आणि दोष सापडला. दुसऱ्या कारागिराकडून इपॉक्सीने तो सांधा बुजवून घेतला.

गळती नसली तरी एप्रिल-मे महिन्यांत या आकाराच्या तलावातून दररोज दीडशे ते दोनशे लिटर पाणी उडून जाते. आठवड्यातून एकदा गाळणी उलट्या प्रवाहाने धुताना आणखी चारशेएक लिटर जातात. ते पाणी लगेच झाडांना न घालता दोन दिवस उन्हात ठेवून क्लोरीन उडाल्यावर आम्ही नारळांना सोडतो. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचे पाणी मिळते, आणि पाऊस लांबला की जूनच्या सुरुवातीला शहराच्या नळांची काय अवस्था होते हे इथल्या प्रत्येक गृहिणीला पाठ आहे. २०२४ च्या मार्चमध्ये बेंगळुरूच्या जलमंडळाने पोहण्याच्या तलावांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास मनाई केली होती. तशी वेळ आपल्याकडे येण्याची वाट न पाहता, नळाच्या पाण्यावर घरचा तलाव चालवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या गल्लीत घागरींची रांग लागलेली असताना आपण तलावाची पातळी भरून काढत बसणे मनाला पटत नाही. मे महिन्याच्या मध्यावर ज्यांच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये घरच्या गरजा भागून पाणी शिल्लक राहते, त्यांनीच पुढचा विचार करावा.

आता हंगामाविषयी. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि इथल्या थंडीच्या रात्री तलावाचे पाणी इतके गार करून ठेवतात की डिसेंबर-जानेवारीत दुपारीही त्यात पाच मिनिटे थांबवत नाही. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खरा वापर होतो, आणि ऑक्टोबरच्या उन्हात आणखी काही दिवस मिळतात. उरलेल्या काळात कोणी पोहत नाही, पण पंप चालवावाच लागतो. पंप बंद ठेवलेल्या पाण्यात आठवड्याभरात शेवाळ धरते आणि त्यापाठोपाठ डासांच्या अळ्या येतात.

वळीव हा या तलावाचा सर्वांत मोठा परीक्षक आहे. धुळीच्या वावटळीनंतर टपोरे थेंब येतात, गुलमोहराच्या पाकळ्यांनी पाण्याचा पृष्ठभाग लाल होतो, आणि सकाळी निळे असलेले पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हिरवट, दुधाळ दिसू लागते. पावसाने क्लोरीन विरळ होते आणि धुळीबरोबर शेवाळाचे खाद्य आत येते. त्यामुळे वळीव थांबला की त्याच संध्याकाळी जाळीने पाकळ्या काढणे, पंप रात्रभर चालू ठेवणे आणि क्लोरीनची मात्रा वाढवणे, ही तिन्ही कामे टाळता येत नाहीत. क्लोरीन सूर्यास्तानंतरच टाकावे, कारण स्थिरक (उन्हात क्लोरीन टिकवणारे रसायन) नसलेले क्लोरीन भर उन्हात एक-दोन तासांत बहुतांशी नष्ट होते. आमच्या तलावात क्लोरीन एका पीपीएमने (पाण्याच्या दहा लाख भागांत एक भाग) वाढवायला ६५ टक्के तीव्रतेचे ५५ ते ६० ग्रॅम दाणे लागतात. क्लोरीन १ ते ३ पीपीएमच्या दरम्यान आणि पीएच (पाण्याच्या आम्लतेचे माप) ७.२ ते ७.८ च्या दरम्यान ठेवला की डोळे चुरचुरत नाहीत. पीएच कमी करण्याचे आम्ल आणि क्लोरीन एका कपाटात ठेवू नये, कारण दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. दाणे पाण्यात टाकावेत, दाण्यांवर पाणी ओतू नये.

विजेचा हिशेब कर्नाटकात राहणाऱ्यांनी वेगळा करायला हवा. एक हॉर्सपॉवरचा पंप दिवसाला सहा तास चालला की महिन्याला सुमारे १८० युनिट जातात. राज्य सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत घरगुती वापर २०० युनिटांच्या आत असेल तरच सवलत मिळते, आणि ती मर्यादा ओलांडली की संपूर्ण बिल भरावे लागते. पंप बसवला त्याच महिन्यात आमची सवलत गेली. गेल्या वर्षीचा माझ्या वहीतला खर्च असा: आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाचे ३०,००० रुपये, रसायनांचे २२,००० आणि पंपाच्या विजेचे सुमारे १०,०००, म्हणजे एकूण ६२,००० रुपये. १२४ दिवसांनी भागले तर पाण्यात उतरण्याचा प्रत्येक दिवस ५०० रुपयांना पडला, आणि यात बांधकामाचे ११ लाख धरलेले नाहीत.

एवढे असूनही आमच्या घरात तो खर्च मी योग्य मानतो, आणि त्याचे कारण माझी आई आहे. तिचे वय ७२ आहे आणि दोन्ही गुडघे झिजलेले आहेत. छातीइतक्या पाण्यात उभे राहिल्यावर शरीराचा बराचसा भार पाणी उचलते, त्यामुळे जमिनीवर दहा पावले टाकताना भिंत धरणारी आई पाण्यात अर्धा तास सलग चालते. पहिल्या दिवशी ती साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला तयार नव्हती. आता मार्च उजाडला की सकाळी साडेसात वाजता कठड्याची दांडी धरून तीच सर्वांच्या आधी पायऱ्या उतरते. त्या १२४ गोलांपैकी निम्म्याहून अधिक केवळ तिचे आहेत. सार्वजनिक तलावावर, गर्दीत, ओल्या फरशीवरून चालत जाणे तिला शक्य झाले नसते.

मुलांसाठी म्हणून तलाव बांधणाऱ्यांना मात्र मी थांबवतो. आमची पिढी मळ्यातल्या विहिरीत, पाठीला कोरडा भोपळा किंवा हवाबंद डबा बांधून पोहायला शिकली. विहिरीच्या काठावर तेव्हा एक तरी मोठा माणूस उभा असायचा. घरच्या तलावाजवळ नेहमी कोणी उभे असेलच असे नाही. बुडणारे लहान मूल हाका मारत नाही, ते निःशब्दपणे खाली जाते. दोन वर्षांपूर्वी शेजारचे तीन वर्षांचे मूल चेंडूमागे आमच्या कठड्यापर्यंत आलेले माझ्या पत्नीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले आणि ती धावत गेली. त्याच आठवड्यात आम्ही चारही बाजूंनी चार फूट उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक बसवले, जे पहिल्या दिवसापासून असायला हवे होते. शिवाय मुलांना पोहणे शिकायचे असेल तर त्यांना लांबी आणि प्रशिक्षक हवा. गोवावेसचा जलतरण तलाव किंवा केएलई संस्थेच्या जेएनएमसी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातला ऑलिंपिक आकाराचा तलाव त्यासाठी आहे. २४ फुटांत चार हात मारले की भिंत लागते.

मागच्या एप्रिलमध्ये माझा मेहुणा येळ्ळूरच्या त्याच्या जागेचा नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "दाजी, तुमच्यासारखाच बांधायचा आहे, आकडा तेवढा सांगा." मी त्याला आकडा सांगितला, वही दाखवली, आणि १५ मेला विहिरीत दोरी सोडून पाणी मोजून ये, असे सांगितले. पाणी चार फूट भरले. त्याने काम पुढे ढकलले आणि त्याच आठवड्यात मुलीचे नाव गोवावेसच्या तलावावर घातले.