'१४०८' की 'द शायनिंग'?

भाचीचा प्रश्न: शनिवारी रात्री एकच भयपट बघायचाय, कुठला लावू? दोन्हींचं मूळ भयकथाकार स्टीफन किंगचं, दोन्हींत हॉटेलची पछाडलेली खोली.

वेळेचं म्हणशील तर '१४०८' (२००७) पावणेदोन तासांत आटपतो. 'द शायनिंग' (१९८०) जवळजवळ अडीच तास घेतो.

भीतीची जात मात्र वेगळी. '१४०८'मध्ये खोलीतल्या रेडिओ-घड्याळावर साठ मिनिटं उलटी धावू लागतात, दचकणं भरपूर. 'शायनिंग'मध्ये पोराची तीनचाकी लाकडी जमिनीवर घडघडते, गालिच्यावर एकदम गप्प होते, पुन्हा घडघडते. तेवढ्यानेच माझ्या पोटात गोळा येतो, त्या पछाडलेल्या २३७ नंबरच्या खोलीचं दार तर अजून दिसलेलंही नसतं.

मैत्रिणी जमणार असतील तर '१४०८' लाव. एकटी असशील आणि रविवारी उशिरा उठायची मुभा असेल, तर 'शायनिंग'च, तोही हेडफोन लावून.